विजेची मोटार आणि आपला समाज

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



दरवर्षी या व्यासपीठावरून विद्वान वक्ते बोलतात. यंदा ही कामगिरी कार्यवाहांनी माझ्यासारख्या केवळ मॅट्रिक झालेल्या आणि प्राथमिक शाळेत आयुष्य घालविलेल्या शिक्षकावर सोपविली, याबद्दल मी मंडळाचा ऋणी आहे. त्यांनी मला दिलेला विषय 'शिक्षणाचे महत्त्व' असा होता. परंतु ज्या विषयावर मी सदतीस वर्षे मुलांचे कान किटविले, त्याच विषयावर त्यांच्या आईवडिलांचेही कान किटवावेत हे मला बरे वाटेना. म्हणून मी विषय बदलून मागितला आणि कार्यवाहांनी थोड्या नाखुशीनेच तो बदलून दिला. आज मी विजेवर चालणाऱ्या मोटारींविषयी बोलणार आहे.

माझ्यापाशी मोटार नाही, हे प्रारंभीच सांगतो. मी जन्मभर सायकल चालविली आणि गुडघ्यांनी संप पुकारल्यावर बसने फिरू लागलो. मोटार नसलेल्याने मोटारवाल्यांना उपदेश करणे म्हणजे ब्रह्मचाऱ्याने संसाराचे धडे देण्यासारखे आहे, असे कोणी म्हणेल. ते मला मान्य आहे. माझा अधिकार एवढाच की, मोटारीत बसणाऱ्यांपेक्षा तिच्या मागून चालणाऱ्यांत माझे आयुष्य अधिक गेले आहे.

पुण्यातील ज्या शाळेत मी अखेरची चौदा वर्षे काढली, तिच्या वर्गांच्या खिडक्या एका हमरस्त्यावर उघडत. सकाळी पुसलेली तावदाने शनिवारपर्यंत काळी पडत. फळा पुसावयाचे फडके आणि तावदान पुसावयाचे फडके आम्ही वेगळे ठेवीत असू. पहिले पांढरे होई, दुसरे काळे. ती खडूची भुकटी आणि ती काजळी, दोन्ही मुलांच्या नाकातोंडात जात होत्या. पण खडूची भुकटी दिसे म्हणून आम्ही तिच्याविषयी तक्रार करीत असू. शाळा सुटण्याच्या वेळी फाटकाबाहेर पंधरा-वीस मोटारी उभ्या असत आणि त्यांतील निम्म्यांची इंजिने चालूच असत. आत वातानुकूलित हवेत आईवडील बसलेले, आणि बाहेर मोटारीच्या धुराड्याच्या उंचीवर त्यांचीच मुले ओळीने उभी! हिवाळ्यात वर्गातील दोन-तीन मुलांच्या दप्तरांत दम्याचा फवारा असे. तो कसा द्यावयाचा हे मला शिकून घ्यावे लागले. आमच्या प्रशिक्षणाच्या काळी हा विषय अभ्यासक्रमात नव्हता.

ही काजळी म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. हवेत तरंगणाऱ्या कणांपैकी ज्यांचा व्यास अडीच मायक्रॉनहून कमी, ते कण सर्वांत घातक. आपल्या डोक्याच्या केसाची जाडी पन्नास ते सत्तर मायक्रॉन धरली, तर हे कण तिच्या विसाव्या हिश्श्याहूनही बारीक ठरतात. नाकातील केस त्यांना अडवू शकत नाहीत. ते फुप्फुसाच्या तळाशी जातात आणि तेथून रक्तात मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ठरविलेली मर्यादा अशी की, वर्षाच्या सरासरीने एक घनमीटर हवेत हे कण पाच मायक्रोग्रॅमहून अधिक नसावेत. आपल्या देशाची मर्यादा २००९ पासून चाळीस आहे. म्हणजे परीक्षेत उत्तीर्ण होण्याची रेषा आपण स्वतःसाठी आठपट सोपी करून घेतली आहे, आणि तरीही आपली पुष्कळ शहरे तीत बसत नाहीत. २०१९ साली केंद्र सरकारने स्वच्छ हवेचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. हवेचे ठरलेले प्रमाण न राखणाऱ्या शहरांची जी यादी त्यासाठी झाली, तीत मुंबई-पुणे तर आहेतच; पण नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, सांगली, जळगाव, लातूर, जालना हीदेखील आहेत. आपली बहुतेक कुटुंबे याच गावांतून राहतात.

हिवाळ्यात हा त्रास का वाढतो, असे मुले विचारीत. थंडीत रात्री जमीन लवकर निवते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, आणि वर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. पुण्यासारखे भोवती टेकड्या असलेले गाव मग झाकण ठेवलेल्या पातेल्यासारखे होते. दिवसभरातील धूर पातेल्यातच राहतो.

सगळा दोष मोटारींच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. बांधकामाची धूळ, जाळलेला कचरा, कारखाने, भट्ट्या, उखडलेले रस्ते, या सर्वांचा त्यात वाटा आहे. परंतु बांधकाम माझ्या हाती नाही, कारखाना माझ्या हाती नाही. मोटारीची किल्ली मात्र आपल्या खिशात असते, म्हणून तिच्याविषयी बोलावयाचे. शिवाय मोटारीचा धूर उंच धुराड्यातून निघत नाही. तो माणसाच्या, किंबहुना लहान मुलाच्या, तोंडासमोर निघतो.

विजेवर चालणारी गाडी ही कालपरवाची नवलाई आहे, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः मुंबईत १८७४ साली सुरू झालेली घोड्यांची ट्राम १९०७ साली विजेवर धावू लागली आणि १९६४ पर्यंत धावली. देशातील पहिली विजेची आगगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला गेली. आपल्या घाटातून १९३० सालापासून दख्खनची राणी विजेवरच जात आहे. खंडाळ्याच्या बोगद्यातून जाताना डोळ्यांत कोळसा जाण्याचा प्रसंग तिच्या प्रवाशांवर आला नाही, त्याचे कारण हेच. परदेशात तर १८९९ साली ताशी शंभर किलोमीटरचा वेग प्रथम ओलांडणारी मोटार विजेचीच होती. पेट्रोलची गाडी तेव्हा हाताने दांडा फिरवून सुरू करावी लागे. १९१२ च्या सुमारास बटणाने सुरू होणारे इंजिन निघाले, पेट्रोल स्वस्त झाले, आणि शिशाच्या जड बॅटऱ्यांची मोटार मागे पडली. आज लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या निघाल्यामुळे ती परत आली, इतकेच.

मुंबईत १९६२ ते १९७१ या काळात विजेच्या तारांवर चालणारी ट्रॉलीबसही होती. मी त्या वेळी माझगावच्या चाळीत राहणारा शाळकरी मुलगा होतो. तिचा दांडा वरच्या तारेवरून निसटला की ती जागच्या जागी उभी राही, आणि मग लांब काठीने तो दांडा पुन्हा तारेवर बसविण्याची खटपट चाले. आम्हां मुलांना ती मोठी मौज वाटे. कामावर निघालेल्यांना अर्थातच नसे. मला तिची आठवण आहे ती तिच्या शांतपणामुळे. ती मागून येई आणि कळतही नसे.

माझे थोरले बंधू मुंबईत टॅक्सी चालवीत. काळी-पिवळी, प्रीमियर पद्मिनी. पेट्रोल परवडेना म्हणून पुष्कळांप्रमाणे त्यांनीही गाडीला डिझेलचे इंजिन बसवून घेतले होते. तीस-बत्तीस वर्षे ते त्या धुरात बसले. घरी आल्यावर रुमालाने नाक पुसत तेव्हा रुमाल काळा होई. वहिनी तो रुमाल इतर कपड्यांत भिजवीत नसत. या शतकाच्या आरंभी उच्च न्यायालयाच्या आदेशांमुळे मुंबईच्या टॅक्सी सीएनजी वायूवर आणणे भाग पडले, त्या वेळी टॅक्सीवाल्यांत केवढा संताप होता! बंधूही त्यात होते. "डिकीत नळकांडे बसविले तर उतारूची वळकटी काय माझ्या डोक्यावर ठेवू?" असे ते मला विचारीत. गाडी चढ चढणार नाही, नळकांडे फुटेल, पंपावर रांगेत अर्धा दिवस जाईल, ही त्यांची गाऱ्हाणी. रांगेचे गाऱ्हाणे खरे ठरले; बाकीची ठरली नाहीत. दोन वर्षांनी मी मुंबईस गेलो तेव्हा त्यांनी नाक पुसून पांढरा रुमाल मला उघडून दाखविला. बोलले काहीच नाहीत. तोवर उशीर झाला होता. २०१६ साली ते फुप्फुसांच्या विकाराने गेले. ते विडीही ओढीत असत, त्यामुळे सर्व दोष धुराचा असे मी म्हणत नाही, आणि डॉक्टरांनीही तसे म्हटले नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यावरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाल्याचे वर्तमानपत्रात वाचले, तेव्हा मला त्या रुमालाची आठवण झाली.

आता एका आक्षेपाकडे वळतो. तो मला याच सभागृहात गेल्या वर्षी आपल्या एका नागपूरच्या बंधूंनी घातला होता, आणि त्याला उत्तर न देता मी पुढे गेलो तर ते अप्रामाणिकपणाचे होईल. ते म्हणाले, "गुरुजी, तुमच्या पुण्यातला धूर तुम्ही आमच्याकडे पाठविणार, एवढाच ना याचा अर्थ?" त्यांचे म्हणणे असे की, वीज काही आकाशातून पडत नाही. देशातील सुमारे तीन-चतुर्थांश वीज अद्याप दगडी कोळशापासून होते. आपल्या राज्यात ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, एकलहरे येथे होते. चंद्रपूरच्या एका केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट आहे. त्याच्या राखेखाली आणि धुराखाली माणसेच राहतात, आणि त्यांत आपलेही बांधव आहेत.

हा आक्षेप मला महिनाभर छळीत होता. मी जे वाचले आणि जाणत्यांना विचारले, त्यावरून माझे मत असे झाले आहे. पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाचा जेमतेम पाचवा-चौथा हिस्सा चाके फिरविण्यास लागतो. बाकीचा उष्णता होऊन वाया जातो. विजेची मोटार बॅटरीतील विजेचा चार-पंचमांशाहून अधिक भाग चाकांपर्यंत पोचविते. परंतु औष्णिक केंद्रात कोळशाच्या उष्णतेचा सुमारे एक-तृतीयांश भागच वीज होतो, हेही त्यात धरावयास हवे. तसे धरले म्हणजे आज कोळशावर चालणाऱ्या विजेने आपण फार मोठी मजल मारतो असे नाही. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, धूर गर्दीच्या रस्त्यातून जातो आणि एका उंच धुराड्याशी येतो. तेथे राख अडविणारी यंत्रे बसविता येतात. लाखो मोटारींच्या मागे तशी यंत्रे कोणी बसवू शकत नाही. दुसरे म्हणजे, पेट्रोलची मोटार आपण विकत घेतली त्या दिवशी जेवढी स्वच्छ असते, तितकी पुढे कधीच राहत नाही. विजेची मोटार मात्र देशाची वीज जसजशी स्वच्छ होईल तसतशी आपोआप स्वच्छ होत जाते. २०२५ च्या जानेवारीत आपल्या देशातील सूर्यशक्तीच्या केंद्रांची क्षमता एक लाख मेगावॉटवर गेली. ऊन असते तेव्हाच ती वीज मिळते हे खरे. म्हणूनच दिवसा उभ्या राहणाऱ्या मोटारी दिवसा भरल्या तर त्या उन्हावर चालतात, असे म्हणावयास हरकत नाही.

एवढे सांगूनही नागपूरच्या बंधूंचे म्हणणे पुरते खोडले जात नाही. कोळशाच्या केंद्रांतून निघणारा गंधकाचा वायू अडविण्याची यंत्रे बसवावीत, असा नियम २०१५ साली झाला. त्याच्या मुदती वारंवार पुढे ढकलण्यात आल्या आणि २०२५ साली बहुसंख्य केंद्रांना त्यातून सूटच देण्यात आली. ज्याने पुण्यात विजेची मोटार घेतली, त्याने चंद्रपूरच्या धुराड्याविषयी दुप्पट आवाज उठविला पाहिजे. नाहीतर तो आपले अंगण झाडून केर शेजाऱ्याच्या दारात टाकणारा ठरेल. आपण गप्प बसलो तर त्यांचा आक्षेप खरा ठरेल, असे मी त्यांना पत्राने कळविले आहे.

आता हिशेबाकडे येऊ. हा भाग भगिनींनी विशेष लक्ष देऊन ऐकावा, कारण घरचा हिशेब त्याच ठेवतात.

एखाद्या कुटुंबाची मोटार रोज तीस किलोमीटर, म्हणजे महिन्याला नऊशे किलोमीटर चालते असे धरू. शहरात एका लिटरला पंधरा किलोमीटर या प्रमाणाने साठ लिटर पेट्रोल लागेल. भाव सोयीसाठी शंभर रुपये धरला, तरी सहा हजार रुपये झाले. विजेची मोटार एका युनिटवर सात किलोमीटर जाते असे धरले, तर सुमारे १३० युनिटे लागतील; सर्व आकार धरून युनिटला दहा रुपये मोजले, तर तेराशे रुपये. म्हणजे महिन्याला चार हजार सातशे रुपयांचा फरक.

पण माझ्या पुतण्याचे गणित वेगळे आहे आणि ते अधिक बोधप्रद आहे. थोरल्या बंधूंचा हा मुलगा पुण्यात प्रवासी मोटार चालवितो. महिन्याला ३,६०० किलोमीटर होतात. त्याची जुनी मोटार सीएनजीवर चाले. किलोला पंचवीस किलोमीटर आणि नव्वद रुपये भाव धरला, तर तेरा हजारांच्या आतबाहेर. विजेची मोटार घरी भरली तर ५१४ युनिटांचे ५,१४० रुपये. परंतु तीच रस्त्यावरील यंत्रावर भरली, आणि तेथे युनिटला वीस-बावीस रुपये पडले, तर खर्च साडेदहा-अकरा हजारांवर जातो. मोटारीची किंमत जास्त, तिचा हप्ता जास्त. मग त्याच्या हाती काय राहिले? धंद्यासाठी गाडी चालविणाऱ्या गरिबाला विजेची मोटार परवडते की नाही, हे त्याला रात्री गाडी लावावयाच्या जागी विजेचा एक साधा पंधरा अँपिअरचा प्लग मिळतो की नाही, यावर अवलंबून आहे. कारखानदार मोठ्या जाहिराती देतात, सरकार धोरणे जाहीर करते, आणि सगळे घोडे अखेरीस त्या प्लगापाशी अडते.

आणि येथे मला आपल्यापुढे एक कबुली द्यावयाची आहे.

मी राहतो त्या सहकारी गृहरचना संस्थेचा मी चार वर्षे अध्यक्ष होतो. २०२२ साली आमच्या इमारतीतील एक तरुण गृहस्थ माझ्याकडे अर्ज घेऊन आले. त्यांनी विजेची मोटार नोंदविली होती आणि स्वतःच्या मीटरवरून, स्वतःच्या खर्चाने, आपल्या गाडीच्या जागेपर्यंत तार नेण्याची परवानगी त्यांना हवी होती. त्या वर्षी विजेच्या दुचाकींना आगी लागल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांतून येत होत्या. मी त्या कात्रणांसह अर्ज सभेपुढे ठेवला आणि 'सुरक्षिततेच्या दृष्टीने तूर्त नामंजूर' असा शेरा स्वतःच्या हाताने लिहिला. अक्षर उत्तम होते. त्या गृहस्थांनी एकदा विचारले, "गुरुजी, खाली तीस गाड्यांच्या टाक्यांत मिळून हजार लिटर पेट्रोल आहे, त्याचे आपल्याला भय वाटत नाही का?" मी त्यांना उद्धट ठरविले. त्यांनी नोंदणी रद्द केली आणि डिझेलची मोटार घेतली. ती रोज सकाळी माझ्या खिडकीखाली सुरू होते. तिचा धूर वर येतो आणि माझी नात त्या खोलीत झोपते.

पुढे पुतण्याने गाडी घेण्याचे ठरविले, आणि त्याच्या संस्थेच्या समितीने त्याला अक्षरशः माझ्याच शब्दांत नकार दिला. तेव्हा मी या विषयाचा अभ्यास केला. आधी करावयास हवा होता. २०२२ च्या त्या आगींनंतर सरकारने बॅटऱ्यांच्या चाचण्यांचे नियम त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून कडक केले. आगीचे भय सर्वस्वी खोटे आहे असे नाही. पण ते बहुधा ढिसाळ तारांचे भय असते. पुरेशा जाडीची स्वतंत्र तार, जमिनीशी नीट जोडलेले अर्थिंग, भार वाढल्यास आपोआप वीज तोडणारा खटका, आणि हे काम परवानाधारक तंत्रज्ञाकडून करून घेणे, एवढे केले म्हणजे तो प्लग घरातील पाणी तापविण्याच्या यंत्राहून अधिक धोकादायक राहत नाही. लांबवलेल्या पट्टीवरून, खिडकीतून दोरी सोडल्यासारखी तार सोडून गाडी भरणे मात्र कटाक्षाने टाळावे. मी ती नंतर दोन ठिकाणी पाहिली. परवानगी नाकारली की माणसे असेच करतात.

मी त्या शेजारच्या गृहस्थांकडे जाऊन क्षमा मागितली. ते भले गृहस्थ, चहा दिला. पण डिझेलची मोटार काही चहाने बदलत नाही. ती अजून दहा वर्षे चालेल.

बाकीच्या शंकांविषयी थोडक्यात बोलतो. बॅटरी किती टिकते? बहुतेक कारखानदार आठ वर्षांची लेखी हमी देतात. हमीपत्र वाचूनच गाडी घ्यावी आणि विक्रेत्याच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये. निकामी झालेल्या बॅटरीचे काय? ती परत घेऊन तीतील धातू काढण्याची जबाबदारी २०२२ च्या नियमांनी बॅटरी बाजारात आणणाऱ्यावरच टाकली आहे. भंगारवाल्यास ती विकू नये. गाडी जाते किती? कागदावर जे अंतर छापलेले असते त्यातून चौथा हिस्सा वजा करावा, म्हणजे फसगत होत नाही. साध्या प्लगवर तासाला सुमारे तीन युनिटे भरतात. तीस युनिटांची बॅटरी रिकामी असेल तर रात्र लागते. ज्याला वरचेवर गावाकडे आडवाटेने तीनशे-चारशे किलोमीटर जावे लागते, आणि वाटेत भरावयाची सोय नाही, त्याने आज ही गाडी घेऊ नये, असेच मी सांगेन. पुतण्याला हमरस्त्यावर एकदा बंद यंत्रापुढे भर उन्हात उतारूंसह दोन तास बसावे लागले आणि त्या दिवसाचे भाडे गेले. अशा गोष्टी लपवून प्रचार करणे मला पटत नाही. टायर आणि रस्ता यांच्या घर्षणाची धूळ विजेच्या गाडीमुळेही उडते. म्हणून चालत जाण्यासारखे अंतर चालतच जावे, हा जुना नियम तिने रद्द होत नाही.

श्रीमंत देशांचे दाखले देण्याची मला फारशी हौस नाही. पण नॉर्वेचा एक दाखला देतो, कारण तो चमत्कारिक आहे. जो देश समुद्रातून तेल काढून जगाला विकतो, त्या देशात २०२४ साली विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी दहांतील जवळजवळ नऊ निव्वळ विजेच्या होत्या. त्यांची वीज पाण्यापासून होते, आणि तेथील सरकारने १९९० नंतरच्या दशकापासून करांत आणि टोलात सवलती दिल्या. आपल्या राज्यानेही २०२५ च्या धोरणात अटल सेतू, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग यांवर विजेच्या मोटारींना टोलमाफी जाहीर केली. आपली एसटी तर यात मागे नाही. १ जून १९४८ रोजी तिची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली, आणि १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर तिची विजेची 'शिवाई' धावली. आजचे ते अहिल्यानगर. त्या गाडीतून मी मुद्दाम प्रवास केला. शेजारचा उतारू खिडकीशी झोपी गेला होता. एसटीत इंजिनाच्या धडधडीवाचून झोपलेला माणूस मी प्रथमच पाहिला.

आता मंडळापुढे माझ्या विनंत्या आहेत. अध्यक्षांची आधी अनुमती घेतली आहे. निर्णय अर्थात कार्यकारी मंडळाने करावयाचा.

आपल्या मंगल कार्यालयाच्या मागील पटांगणात लग्नसराईखेरीज जागा मोकळी असते. तेथे स्वतंत्र मीटर घेऊन चार प्लग बसवावेत. विजेच्या गाड्यांसाठी वीज कंपनीचा वेगळा दर असतो, त्यामुळे कार्यालयाच्या बिलाशी त्याची सरमिसळ होणार नाही. आपल्या समाजातील जे तरुण प्रवासी मोटारी आणि रिक्षा चालवितात, आणि ज्यांना घराशी प्लग नाही, त्यांनी रात्री तेथे गाड्या लावाव्यात आणि युनिटामागे मंडळ ठरवील ती रक्कम द्यावी. मंडळास यात नफा नको आणि तोटाही नको.

आपली पतपेढी वाहनासाठी कर्ज देते. विजेच्या वाहनासाठी व्याजाचा दर एक टक्क्याने कमी करावा आणि मुदत दोन वर्षांनी वाढवावी, अशी माझी सूचना आहे. यात पतपेढीचे थोडे नुकसान आहे हे मी जाणतो. माझ्या निवृत्तीच्या रकमेपैकी पन्नास हजार रुपये या कामी ठेव म्हणून, बिनव्याजी, पतपेढीत ठेवण्याची माझी तयारी आहे. ही रक्कम लहान आहे. परंतु केवळ सूचना करून खाली बसणे मला योग्य वाटले नाही.

या सभागृहात निरनिराळ्या गृहरचना संस्थांचे अध्यक्ष आणि चिटणीस मिळून पंधरा-वीस जण तरी असतील. त्यांना माझे हात जोडून सांगणे आहे की, त्यांच्यापुढे असा अर्ज आला तर माझ्यासारखा सुवाच्य शेरा मारू नये. आधी तंत्रज्ञास बोलवावे, तार कोठून नेता येईल ते पाहावे, आणि मग लिहावे.

मोटार घेऊन सहा-सात वर्षे झाली नसतील, त्याने ती आज मोडीत काढावी असे मी मुळीच म्हणत नाही. ती नीट राखावी, धूर तपासून घ्यावा, आणि शाळेच्या फाटकाशी उभी असताना इंजिन बंद ठेवावे. हे शेवटचे आज संध्याकाळपासून करता येते आणि त्याला कर्ज लागत नाही. पुढची मोटार घ्यावयाची वेळ येईल, तेव्हा विजेच्या मोटारीचा विचार आधी करावा.

माझा पुतण्या आता विजेची मोटार चालवितो. पाच महिने खेटे घातल्यावर त्याच्या समितीने परवानगी दिली. येत्या रविवारी सकाळी दहापासून तो गाडी घेऊन कार्यालयाच्या पटांगणात थांबणार आहे. गेल्या आठ महिन्यांची विजेची बिले आणि बंद यंत्रापुढे बुडालेल्या भाड्याची नोंद, दोन्ही असलेली वही त्याच्यापाशी आहे. ज्यांना गाडीत बसून पाहावयाचे असेल त्यांनी यावे. भगिनींनी आपल्या घरच्या पेट्रोलच्या पावत्या बरोबर आणाव्यात; दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडावयास मी फळा आणि खडू घेऊन तेथे असेन.